आंब्याचे दोन भाऊ

गिटारी अजून हातानेच घडायच्या, तेव्हाची गोष्ट. इनास मेस्त्रीच्या कारखान्यात आंब्याचे दोन तक्ते सुकत होते. एकाच ओंडक्यातून निघालेले, म्हणून सख्खे भाऊ. गिटारीची पाठ अशाच दोन भावांना मधोमध चिकटवून होते, हे धाकट्याला ठाऊक होतं. तो रोज विचारायचा, "दादा, आपण कधी रे जुळणार?"

एक दिवस शेजारी कुणी वारलं. सरणाला लाकूड कमी पडलं. दुःखातल्या घराला नाही कसं म्हणायचं? मेस्त्रीने थोरला काढून दिला.

"आंबाच तो, सरणालाच जायचा," शिसवाचा तक्ता म्हणाला. "गिटार व्हायला आमचं कूळ लागतं."

"तोंड बंद कर तुझं!" धाकटा ओरडला आणि रागाने कडेला तडकला.

मेस्त्रीने त्याला उचललं, बोटाने ठोकलं, कान लावला. "आवाज आहे रे तुझ्यात," तो म्हणाला. तडकलेली कड कापून त्याने शेजारी फणसाचा पिवळा तक्ता धरला.

"मला दादाच हवा," धाकटा म्हणाला.

"मी तुझा दादा नाही," फणस हळूच म्हणाला. "पण तू हाक मार. मी ती लांबवर नेतो."

गिटार वाजली, तेव्हा शिसवसुद्धा ऐकत राहिला. आजही तार छेडली की आवाज घुमतो, मग विरत जातो. तो विरताना धाकटा अगदी गप्प होतो आणि ऐकतो, दादाने ओ दिली का.