तिसऱ्या सर्व्हरवरची जागा

“तिसराही जोडला. आता कशासाठी अडवताय, बुवा?”

शार्दूलचा आवाज चढला होता. मठाच्या जुन्या दोन सर्व्हरना त्याने सकाळीच तिसरा जोडला होता. तिघांचा मिळून एक क्लस्टर. त्यातला एक बंद पडला तर त्याचं काम उरलेल्या दोघांनी आपणहून उचलायचं, एवढ्यासाठीच हा सगळा खटाटोप. उद्यापासून मठाच्या दवाखान्याच्या रक्तपेढीच्या सगळ्या नोंदी त्याच्या भरवशावर चालणार होत्या.

नरहरबुवा मठाचे प्रमुख. मठात येण्याआधी त्यांची अर्धी हयात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये इंजिनिअर म्हणून गेली होती.

“रक्तपेढी अजून चढवू नकोस,” बुवा म्हणाले.

“का?”

“नको म्हणतोय ना.”

“हे बरं आहे. राबायचं आम्ही आणि तुम्ही नुसतं नको म्हणायचं. तुमचा माझ्यावर विश्वास नाही, एवढंच म्हणा.”



शार्दूल हुशार होता, यात वाद नाही. पण आपण हुशार आहोत हे त्याला फार लवकर कळलं होतं, आणि अशा माणसाचा मला मनापासून राग येतो.

“रक्तपेढीची चाचणी कुठे चालू आहे?” बुवांनी विचारलं.

“मधल्या सर्व्हरवर. खोटी नावं घालून.”

बुवा उठले. मधल्या सर्व्हरच्या मागे गेले आणि त्याची वायर उपटली.

“अहो बुवा, काय करताय?”

“पडला,” बुवा म्हणाले. “आता बघू कोण उचलतंय.”

दोघेही पडद्यासमोर उभे राहिले. दवाखान्यात एखादी बाळंतीण अडली असती, तर तिची माणसंही अशीच ताटकळत उभी राहिली असती. रक्तपेढीच्या नावापुढे लाल अक्षरं उमटली. मेमरी शिल्लक नाही. उरलेल्या दोन्ही सर्व्हरनी पुन्हा प्रयत्न केला, आणि पुन्हा तीच अक्षरं आली.

शेजारच्या पडद्यावर मात्र सगळं सुरळीत होतं. तिथे खुद्द नरहरबुवा कीर्तनाला उभे होते. टाळ वाजत होते, लोक माना डोलवत होते, चित्र क्षणभरही अडखळलं नव्हतं.

बुवा स्वतःकडे बघत राहिले... त्यांचा चेहरा लाल झाला.

“हा इथे काय करतोय?”

“तुमची सगळी कीर्तनं चढवलीत, बुवा. तिसरा सर्व्हर आला, जागा झाली. परदेशातली माणसंसुद्धा बघतात.”

“ती जागा कुणाची होती?”

“रिकामी होती.”

“कुणाची होती?”

“...पडणाऱ्याची.”

“आणि तू ती माझ्या बडबडीने भरलीस. तिकडे माणूस रक्तावाचून तडफडणार आणि इकडे मी टाळ कुटत राहणार. लाज वाटते मला त्या पडद्यावरच्या माणसाची.”

हे शार्दूलला झोंबलं. इतकी मेहनत केली ती बुवांसाठीच, असं त्याला वाटत होतं, आणि ते खोटंही नव्हतं.

“एवढं भरताना क्लस्टरने तुला अडवलं नाही?” बुवांनी विचारलं.

“अडवलं.”

“मग?”

“दर वेळी तेच. पडणाऱ्यासाठी जागा राखा, नवीन काम सुरू होणार नाही. वैताग आला. सेटिंगमध्ये ती अट बंद करता येते. केली.” तो थांबला. “सगळेच करतात, बुवा.”

“सगळेच...”

“त्यात एवढं काय? चौथा सर्व्हर मागवू. तोवर रक्तपेढी चढवू द्या. दवाखान्याला मी शब्द दिलाय. चारचौघांत माझी शोभा होईल.”

“नाही.”

“पुन्हा नाही. त्या क्लस्टरसारखं तुमचंही तेच, सारखं नाही, नाही.”

बुवांनी हातातली वायर टेबलावर ठेवली आणि शार्दूलसमोर येऊन उभे राहिले.

“मग शोध,” ते म्हणाले, “माझं सेटिंग कुठे आहे ते.”