तापलेली शिळा आणि वीस पन्हळी

भर वैशाखातल्या दुपारी राजा चंडप्रताप न्यायासनावरून ताडकन उठले. बूड चांगलंच भाजलं होतं!

“पुन्हा तापलं!” ते गरजले. “कुठाय तो पाथरवट?”

न्यायासन म्हणजे अंगणातली काळी शिळा. आजोबा उन्हात बसून न्याय करत, म्हणून नातवालाही वर छप्पर नको! शिळा गार राहावी म्हणून तिच्या पोटात एक रुंद, सरळ पन्हळ कोरून त्यातून शेजारच्या हौदातलं विहिरीचं पाणी सोडलं होतं. आराखडा राजवास्तुकार त्र्यंबकशास्त्र्यांचा, छिन्नी रामोजी पाथरवटाची. शिक्षा अर्थातच छिन्नीवाल्याला!

“तीन दिवसांत शिळा गार कर. शिळा हीच, पाणी तेवढंच. एक घागरही जास्त नाही! नाहीतर राज्याबाहेर चालता हो!”

“दुप्पट पाण्याशिवाय ब्रह्मदेवालाही जमायचं नाही,” शास्त्रीबुवांनी नाक मुरडलं. “हा तर दगडफोड्या!”

रामोजीनं हात जोडले. त्याची मुलगी म्हाळू मात्र तडक शिळेमागे गेली. पाणी बाहेर पडत होतं तिथं ओंजळ भरून तिनं शास्त्रीबुवांच्या हातावर ओतली.

“कसं आहे?”

“गार. मग?”

“वर महाराज भाजले आणि खालून पाणी गारच्या गार चाललंय! आणखी कशाला मागता? आहे त्यालाच कामाला लावा की!”

दरबार खुसखुसला. शास्त्रीबुवा लालबुंद झाले. “पाथरवटाच्या पोरीनं मला शिकवावं?”

“मी कुठं? ओंजळभर पाण्यानं शिकवलं!”

बापलेकींनी शिळा उलटी करवली. जुनी पन्हळ दगडी चिपांनी बुजवली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटभर रुंदीच्या वीस नागमोडी पन्हळी कोरल्या. हातांना फोड आले, छिन्न्या बोथटल्या.

“असल्या वाकड्या बिळांत पाणी तुंबेल!” शास्त्रीबुवा खिदळले.

“म्हणून तर हौद आता दोन हात उंच बांधलाय, पाणी जोरानं येतं. तुंबायला फुरसत कुठली!” म्हाळू म्हणाली.

चौथ्या दिवशी भर दुपारी राजे बिचकत बिचकत टेकले. एक फिर्याद झाली, दुसरी झाली, पाचवी झाली. राजे हलेनात!

“हिनं पाणी वाढवलं असणार!” शास्त्रीबुवा ओरडले.

घागरी मोजल्या. तेवढ्याच! राजांनी बाहेर पडणाऱ्या पाण्यात बोट बुडवलं आणि ते चकित झाले.

“पाणी कोमट, शिळा गार! ही काय जादू?”

“जादू कसली, महाराज? आधी पाणी तुमच्या दरबाऱ्यांसारखं होतं. सरळ आत यायचं, मधोमध मिरवायचं, कशालाही अंग न लावता सरळ बाहेर! आता वाट अरुंद आणि पावलोपावली वळण. प्रत्येक थेंब भिंतीवर आपटतो, शिळेची धग घेतो, तेव्हाच त्याची सुटका!”

दरबाऱ्यांनी माना खाली घातल्या. मग राजे असे खदाखदा हसले, की मुकुट कानावर आला!

“शास्त्रीबुवा, तुम्हालाच त्या पन्हळीतून सोडायला हवं!” म्हणत त्यांनी शास्त्रीबुवांच्या खांद्यावरची मानाची शाल ओढली आणि म्हाळूपुढे धरली.

“वैशाखात शाल? नको बाई!” म्हाळू म्हणाली. “पोलादी छिन्न्या द्या.”

राजांना पुन्हा हसू आवरेना. चाळीस पोलादी छिन्न्या आणि राजवास्तुकाराची सनद, दोन्ही त्याच दिवशी रामोजीच्या घरी पोचल्या. सनदेवर नाव म्हाळूचं होतं!