डाव्या काठाची बंदी

हातमागावरच्या वस्तू आपसांत बोलत असत, तेव्हाची गोष्ट. एक धोटा पोटात धागा घेऊन साडीच्या डाव्या काठाकडून उजव्या काठाकडे जाई आणि तसाच धागा सोडत परत येई. अशी वीत वीत साडी वाढे.

एकदा डावा काठ ठसक्यात म्हणाला, "आपला धागा खुशाल तिकडे ने. पण तिकडचा इकडे आणायचा नाही. माझ्या दारात परका धागा नको."

"बरं," म्हणत धोटा उजवीकडे गेला आणि तिथेच बसला.

माग चालवणाऱ्या गयाबाईनं दोरी ओढून पाहिली. धोटा हलेना. "अगं बाई, उद्या नवरीला साडी द्यायचीय!" तिनं कपाळाला हात लावला.

डावा काठ घाबरला. अर्धवट साडी कोण नेसणार? तो ओरडला, "अरे, बसलास काय? आपला धागा ने ना तिकडे!"

"नेतो की," धोटा म्हणाला. "पण त्यासाठी आधी तुझ्याकडे यायला हवं. आणि मी रिकामा येत नसतो."

"ये बाबा, धाग्यासकट ये!" काठ म्हणाला. धोटा सर्रकन परत आला. साडी वेळेत उतरली.

आजही नवी साडी मागावर चढली की डावा काठ बंदी मागतोच. धोटा हल्ली समजावतही नाही. पलीकडे जाऊन निवांत बसतो.