कोट कुठून कापावा

एकदा एका जुन्या बंदरावर एक वृद्ध पारखी जकातीचे काम पाहत असे. परदेशातून आलेला कपडा कशात मोडतो हे ठरवायचे, एवढेच त्याचे काम; पण ते दिसते तितके सोपे नव्हते. लोकरीला कर जास्त, सुताला कमी, आणि दोन्ही एकत्र विणलेले असले तर ज्याचे वजन अधिक त्याचा कर. हाताला सुती लागणारे कापड निम्म्याहून अधिक लोकरीचे निघावे, असे तिथे वरचेवर घडे.

त्याच्या हाताखाली एक शिष्य होता. प्रामाणिक होता, मेहनती होता, आणि करांची सारी कोष्टके त्याला तोंडपाठ होती. दोष एकच. आपण बरोबर आहोत हे एकदा कळले की त्याला पुढचे काही दिसत नसे. हा दोष हुशार माणसांतच अधिक आढळतो, तेव्हा त्याला फार नावे ठेवू नयेत.

एके सकाळी जहाजावरचा एक आचारी आपली पेटी घेऊन त्याच्यापुढे उभा राहिला. तीन वर्षांनी घरी परतत होता. पेटीत दोन विटके सदरे होते आणि कागदात गुंडाळलेला एक नवा कोट. लेकीचे लग्न चार दिवसांवर आले होते, आणि कोट होता जावयासाठी.

"सुती हाय म्हणाला दुकानदार," आचारी म्हणाला.

शिष्याने कापड चिमटीत धरून पाहिले. त्याला शंका आली आणि त्याने कात्री उचलली. तसा आचारी घाईघाईने म्हणाला, "सायेब, कापू नका. लोकर धरा नि जास्तीचा कर घ्या. मी भरतो."

"धरून चालण्यावर जकात बसत नाही," शिष्य म्हणाला.

उत्तर नियमाला सोडून नव्हते. कोट समोर पसरलेला होता, हाताखाली छातीचा भाग आला, तिथूनच त्याने दोन बोटे रुंदीचा चौकोन कापून घेतला. धागे सोडवले, दोन्ही जातींचा एकेक जाळून ओळखला, बाकीचे निराळे करून तोलले. लोकर जास्त भरली.

आचारी त्या भोकाकडे पाहत राहिला. "आता ह्यो जावयाला कसा देऊ?" एवढेच तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच ते ऐकवत नव्हते.

शिष्य कोट आणि निकाल लिहिलेला कागद घेऊन वृद्धाकडे सहीसाठी गेला. वृद्धाने कागद वाचला, कोट पाहिला, कागद बाजूला सारला आणि खणातून सुईदोरा काढून शिष्यापुढे ठेवला.

"हे भोक बुजव. मग सही करतो."

"माझा निर्णय चुकला का, गुरुजी?"

"नाही. अगदी बरोबर आहे."

"मग ही शिक्षा कशाची?"

"शिक्षा नाही रे. ठिगळाला ह्याच रंगाचं कापड लागेल. कुठे मिळतं ते बघ."

मागोमाग आलेला आचारी पुढे झाला. "द्या बाबा, मीच शिवतो. जहाजावर शिडं सांधलीत मी."

"तुम्ही हवं तर सांगा त्याला," वृद्ध म्हणाला. "पण ज्यानं कापलं त्यालाच शिवू द्या."

शिष्याने कोट उलटासुलटा करून पाहिला. खालच्या काठाची टीप उसवली, तर आत चार बोटे कापड दुमडलेले होते. तेच कापड, तेच धागे, आणि जन्मात कुणाच्या दृष्टीस न पडणारे. त्याचा हात थांबला. मग त्यातूनच त्याने ठिगळापुरता तुकडा कापून घेतला.

दुपार शिवण्यात गेली. सुई तीनदा बोटात शिरली. आचारी शेजारी बसून टाका कसा घ्यावा ते दाखवीत होता.

काम झाल्यावर वृद्ध म्हणाला, "परीक्षा करायलाच हवी होती. शब्दावर सोडत गेलो, तर उद्या जहाजभर लोकर सुताच्या नावानं उतरेल. पण जे उत्तर तुला छातीवर मिळालं, तेच आतल्या दुमडीतही होतं. आपल्या मेजावर हा कोट घटकाभर असतो, आणि मग वर्षानुवर्षं कुणाच्या तरी अंगावर. कात्री लावण्याआधी तो एकदा उलटून पाहावा. फार तर थोडा उशीर होईल."

त्याने सही केली. आचाऱ्याने लोकरीचा पुरता कर भरला आणि ठिगळावरून अंगठा फिरवला. टाके काही नामी नव्हते.

"माझं चुकलं," शिष्य खाली मान घालून म्हणाला. "हे दिसणार ना?"

"दिसंल की," आचारी म्हणाला. "जावई विचारील तर सांगीन, जकातीच्या सायबानं सोता बसून शिवलंय. असा कोट आमच्या गावात दुसऱ्या कुणाकडं नाय."

शिष्याला हसू आले नाही. त्याने कोट कागदात नीट गुंडाळला आणि पेटी फाटकापर्यंत स्वतः उचलून नेली.

सत्य शोधणे हे कर्तव्यच आहे. ते कुठून कापून काढायचे, हे मात्र आपल्या हाती असते.