पैसाकिड्यांना नाव मिळालं

माणसं जंगलातल्या जिवांना नावं द्यायला नुकतीच येऊ लागली होती, त्या काळची गोष्ट. घाटातल्या ओल्या रानात, एका कुजक्या ओंडक्याखाली पैसाकिड्यांचं कूळ राहत होतं. थोरला भाऊ रोजच्यासारखा पान कुरतडत होता, तेवढ्यात गोगलगाय बातमी घेऊन आली.

"ओढ्यावर माणसं आलीत. तुमच्यासारखा किडा त्यांनी कधी पाहिला नाही म्हणे. सापडला तर नाव देणार आहेत."

"दादा, मी जातो," धाकटा म्हणाला. "बेडकाला बेडूक म्हणतात. आपल्याला सगळे 'ए किड्या' म्हणतात."

"नावावाचून पान गोड लागत नाही का तुला?"

"तुला पान मिळालं की जग संपलं."

थोरल्याला ते लागलं. पैसाकिड्यांची रीत अशी, की राग आला की अंगाचं वेटोळं करायचं, आणि वेटोळ्याशी कुणी बोलायचं नाही. थोरल्यानं वेटोळं केलं. धाकटा त्याच्या पाठीला मिशा टेकवून बराच वेळ थांबला आणि मग गोगलगायीबरोबर निघून गेला.

गोगलगाय सावकाश परत आली. "नाव दिलं," ती म्हणाली. "पण नाव ठरवायला पाय भिंगाखाली न्याहाळावे लागतात, तेव्हा किडा हलून चालत नाही. म्हणून धाकट्याला आधी बाटलीतल्या औषधात बुडवून मारलं. मला हे ठाऊक नव्हतं रे."

ओंडक्याखाली सगळे नवं नाव घोळवून बघत होते. ते थोरल्यालाही मिळालं होतं. पण धाकटा पाठीशी थांबला होता, तेव्हा वेटोळं सोडून "जाऊ नकोस" म्हणायचं त्याच्याकडून राहून गेलं होतं.