दगड झालेली ज्योत

शुद्धलेखन चुकेल, शब्दही साधेच आहेत. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावे.

एका राज्यात डोंगरावर एक मठ होता. मठात तेलावाचून जळणारी ज्योत होती. राज्यातली प्रत्येक चूल तिच्याच विस्तवाने पेटे. मठाचे स्वामी निरंजनगिरी जे बोलत, ते खरे होई.

कळसावर एक साळुंकी राही. लोक स्वामींना नावे ठेवत, ते ती येऊन सांगे. एकदा भर सभेत ती म्हणाली, "स्वामी, लोक म्हणतात, तुम्हांला देवाच्या आरतीपेक्षा स्वतःची आरती गोड लागते."

स्वामी कडाडले, "दगड हो!"

साळुंकी दगड झाली. त्याच क्षणी ज्योतही दगड झाली. लाल, उंच, थंडगार. घरोघरच्या चुली विझल्या. लेकरे थंडीने काकडू लागली.

स्वामी रानातल्या चेटकिणीकडे गेले. ती म्हणाली, "तिघांच्या तोंडून आपली निंदा ऐक. शब्दाने उत्तर देऊ नकोस. मग साळुंकीपाशी जा."

वाटेत विणकर भेटला. "या, सोन्याच्या ताटात जेवणारे!"

स्वामी जन्मभर पत्रावळीवर जेवले होते. शाप ओठांवर आला. तो सुटला असता, तर विणकर तिथेच दगड झाला असता. स्वामींनी तो गिळला. घसा भाजत गेला.

नदीवर नावाडी म्हणाला, "स्वामी, तुमचं प्रवचन लई लांबतं. माझी नाव सुटून वाहून गेली, तरी तुमचं नमनच चाललेलं!"

स्वामींना हसू आले. मग लाज वाटली.

पैलतीरी गौताई म्हातारी थंड चुलीपाशी बसली होती. तिने वर पाहिले नाही. "नातू तापानं फणफणला होता. अंगारा मागाया आले. राजाची पालखी आली, अन् तुम्ही मला दाराबाहेर काढलंत."

नातू वाचला का, हे स्वामींना विचारता येईना. तेवढ्यात आतून पोराचा खोकला ऐकू आला. स्वामींनी उंबऱ्यावर डोके टेकले.

मठात येऊन ते दगडी साळुंकीला म्हणाले, "बोल, बाई. ऐकतो."

दगडाला पिसे फुटली. मागे ज्योत तडतडली.

साळुंकी म्हणाली, "विणकराचं सोडून द्या. नावाड्याचं ध्यानात ठेवा. म्हातारीचं..."

"ते मला ठाऊक आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वामी स्वतः खापरात विस्तव घेऊन गौताईच्या चुलीकडे निघाले. साळुंकी खांद्यावर होती.

"खापर तिरकं धरलंय. विस्तव सांडेल."

स्वामींनी खापर सरळ केले.