वाघासाठी दिलेले काटे

फार पूर्वी जंगलाला खेटून एक गाव वसलं होतं. गावाला वाघाची भारी भीती. म्हणून दर दिवाळीनंतर प्रत्येक घर बाभळीच्या काट्यांचा एक भारा गावच्या कुंपणाला द्यायचं. देव ज्याचा त्याचा, कुंपण मात्र सगळ्यांचं. हे काटे दुसऱ्या कशाला वापरायचे नाहीत, असा गावाचा कायदाच होता.

एका वर्षी देवळाचा पुजारी पाटलाकडे आला. "गुरं देवाची फुलबाग खातात. कुंपणातले थोडे काटे द्या. देवाला नाही म्हणाल?"

पाटील वाघाला भ्यायचा, पण देवाच्या कोपाला त्याहून जास्त. त्याने काटे दिले.

लगेच दर्ग्याचे मुजावर आले. "पाटील, त्यात आमच्याही घरचे काटे होते. आता दर्ग्याच्या बागेलाही द्या, नाहीतर पंचांपुढे न्याय मागतो."

पाटील चांगलाच कात्रीत सापडला. एकाला देऊन दुसऱ्याला नाही कसं म्हणणार? त्याने पुन्हा काटे दिले.

कुंपणाला खिंडार पडलं ते नेमकं एका म्हातारीच्या झोपडीशी. ती आणि तिची चिमुरडी नात, दोघीच राहायच्या.

"पाटील, मी काटे वाघासाठी दिले होते," म्हातारी म्हणाली. "देवाला द्यायचे असते तर माझ्या हाताने दिले असते की!"

"देव राखील, आजी," म्हणत पाटलाने काढता पाय घेतला.

एका रात्री त्या खिंडारातून वाघ आत शिरला. म्हातारी नातीला उचलून देवळाकडे धावली. मागोमाग सगळा गाव. पण गुरं येऊ नयेत म्हणून पुजाऱ्याने सांजेलाच वाट काट्यांनी बंद केली होती. लोक दर्ग्याकडे वळले. तिथेही काटे! मागे गुरगुर ऐकू येऊ लागली. पाटलाने उघड्या हातांनी काटे ओढले, मुजावरांनी आतून ओढले. लोक कसेबसे आत घुसले.

दाराबाहेर वाघाचा श्वास ऐकू येत होता. म्हातारीने नातीच्या तोंडावर हात दाबून धरला होता.

अखेर वाघ गेला. जाताना म्हातारीची शेळी घेऊन गेला. नात तिच्याच दुधावर वाढत होती.

सकाळी पुजारी आणि मुजावर स्वतः डोक्यावर भारे घेऊन खिंडाराशी आले. म्हातारी पाटलाच्या तळहातातले काटे सुईने काढत बसली होती.

"माझं चुकलं, आजी," पाटील रडत म्हणाला.

म्हातारी म्हणाली, "काट्याला कुठं कळतं रे, बाहेर वाघ उभा आहे की माणूस!"

तात्पर्य: सगळ्यांच्या रक्षणासाठी जमवलेलं देवाच्या नावाने वाटलं, तर गाव उघडं पडतं आणि देवाचं दारही बंद होतं.